झोपेची व्याख्या पाठ केली म्हणून झोप येते का? बुद्धी, आत्मज्ञान आणि संशोधकाचा प्रश्न

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. आत्मज्ञान बुद्धीला समजू शकतं का? विज्ञान शाखेच्या ब्लॉगवर हा प्रश्न कशाला, असं वाटेल. थोडा धीर धरा. संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा हे मला ज्या प्रसंगाने शिकवलं, त्याची सुरुवातच या प्रश्नापासून झाली.

माझा विषय वनस्पतिशास्त्र. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, जामसर परिसरात, नागलीच्या स्थानिक वाणांची नोंद करायला मी जात होते. राब भाजायच्या दिवसांत गेले आणि पहिला पाऊस पडेपर्यंत राहिले. ज्यांच्या घरी उतरले होते ते बाबा गावचे भगत. कोणतं बी उतारावर पेरायचं, कोणतं आधी तयार होतं, कणसं खुडून ठेवायची ती कशी निवडायची, हे ते सांगायचे आणि मी वहीत उतरवायचे. माझा ठरलेला पुढचा प्रश्न असायचा, "हे कशावरून ओळखता?" बहुतेक वेळा ते उत्तर द्यायचे.

एका संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, कणसरीच्या पूजेत तुमच्या अंगात वारं येतं, तेव्हा नक्की काय होतं?"

ते हसले. "ते तुला नाय कळायचं, बाय. तू लिहून घेतेस."

खरं सांगते, मला राग आला. 'तुला कळणार नाही' हे वाक्य कुठल्याही संशोधकाला झोंबतंच. त्यावर दोन सोपी उत्तरं लगेच सुचतात. एक, 'जे मोजता येत नाही ते नाहीच.' दुसरं, 'बुद्धीच्या पलीकडचं आहे, हात जोडा आणि गप्प बसा.' दोन्ही उत्तरांचा एक फायदा आहे, पुढे विचार करावा लागत नाही. म्हणूनच दोन्ही टाळायची.

एक खुलासा आधीच करते. अंगात वारं येणं आणि वेदान्तातलं किंवा संतांनी सांगितलेलं आत्मज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारं येतं आणि काही वेळाने जातं. आत्मज्ञान मात्र कायमचं आणि पूर्ण जागेपणातलं मानलं जातं. त्यांची सरमिसळ करू नका. पण 'हे बुद्धीला कळायचं नाही' हे वाक्य दोन्ही ठिकाणी तसंच्या तसं येतं. आपल्याला तपासायचंय ते हे वाक्य.

एक प्रश्न की तीन?

संशोधनात गाडी अडते तेव्हा पुष्कळदा कारण एकच असतं, एका वाक्यात दोन-तीन प्रश्न कोंबलेले असतात. इथेही तेच झालंय. 'समजणं' हा शब्द सुटा करून पाहूया, आणि उदाहरण रोजचं घेऊया, झोपेचं.

झोपेबद्दल आपल्याला भरपूर माहिती आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या लहरी मोजता येतात. गाढ झोपेत सेकंदाला साधारण चारपेक्षा कमी आवर्तनांच्या संथ, मोठ्या लहरी दिसतात. श्वास, स्नायू, डोळ्यांची हालचाल यांवरून झोपेचे टप्पे ओळखता येतात. म्हणजे झोपेबद्दल बुद्धीला कळतं, चांगलंच कळतं.

आता रात्रीचे दोन वाजलेत आणि झोप येत नाहीये. झोपेच्या टप्प्यांचं प्रकरण पुन्हा वाचलं तर झोप येईल का? नाही. उलट 'आता मला झोप लागतेय का?' असं तपासत बसलं तर आलेली झोपही उडते. बुद्धी फार तर चहा लवकर बंद करायला सांगेल, दिवा घालवायला सांगेल. ती वाट मोकळी करून देते आणि तिथे थांबते.

तिसरी गोष्ट, शेजारचा झोपलाय की सोंग घेतोय हे ओळखणं. नुसतं बघून फसायला होतं. यंत्र लावलं तर बऱ्यापैकी कळतं. पण ते यंत्र भरवशाचं का वाटतं? असंख्य लोकांना आपण झोपेतून उठवून विचारलंय आणि त्यांची उत्तरं लहरींशी ताडून पाहिली आहेत.

म्हणजे आपल्या मूळ प्रश्नात तीन प्रश्न आहेत:

१. बुद्धी आत्मज्ञानाबद्दल काही खरं सांगू शकते का?
२. बुद्धीच्या वाटेने ते मिळू शकतं का?
३. दुसऱ्या कुणाला ते झालंय की नाही, हे बुद्धी ठरवू शकते का?

आपल्या परंपरेत यातल्या पहिल्या दोघांना जुने शब्द आहेत. ऐकून, वाचून, तर्काने होतं ते परोक्ष ज्ञान, आणि मध्ये काहीही न येता होतं ते अपरोक्ष ज्ञान. वाद घालताना लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला. मग भांडण मिटत नाही.

एकाच परंपरेतले दोघे

दुसऱ्या प्रश्नासाठी महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर एक उदाहरण आहे, आणि ते मला एखाद्या चांगल्या तुलनात्मक अभ्यासासारखं वाटतं.

उमदीचे भाऊसाहेब महाराज हे इंचगिरी परंपरेचे प्रवर्तक. उमदी आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे आणि इंचगिरी कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात. त्यांच्याकडून नाम घेणाऱ्यांत जमखंडीचा एक मुलगा होता, रामचंद्र दत्तात्रय रानडे (१८८६–१९५७). पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, मग अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि तिथे कुलगुरूही झाले. उपनिषदांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२६ चा आणि महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढानुभवावरचा १९३३ चा. लोक त्यांना गुरुदेव रानडे म्हणतात.

भाऊसाहेबांचेच दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांच्याकडे १९३३ मध्ये मुंबईचा एक विडीविक्रेता आला, मारुती कांबळी (१८९७–१९८१). घर मूळचं मालवणकडच्या कांदळगावचं, शाळा जेमतेम. हेच पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. खेतवाडीतल्या त्यांच्या छोट्या खोलीत ते मराठीतून बोलायचे. मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक केलं. ते १९७३ मध्ये निघालं आणि तेव्हापासून जगभरचे लोक त्या खोलीत येऊ लागले.

आता गंमत बघा. आपण पटकन अंदाज बांधू की प्राध्यापक विचाराच्या वाटेने गेले असणार आणि विडीवाले भक्तीच्या. या परंपरेतच दोन वाटांची नावं आहेत. नामस्मरण आणि दीर्घ ध्यान ही मुंगीची वाट, पिपीलिका मार्ग. मुंगी फांदीवरून हळूहळू फळापर्यंत पोचते. ऐकणं, विचार आणि विवेक ही पक्ष्याची वाट, विहंगम मार्ग. पक्षी एका झाडावरून थेट दुसऱ्यावर जातो. भाऊसाहेबांचा भर मुंगीच्या वाटेवर होता. सिद्धरामेश्वरांनी पक्ष्याची वाट पुढे आणली.

म्हणजे ज्यांच्याकडे ग्रंथांचा डोंगर होता ते रानडे आयुष्यभर नाम घेत ध्यानाला बसत राहिले, आणि शाळा फारशी न पाहिलेले कांबळी विवेकावर भर देणाऱ्या गुरूकडे गेले. या दोघांना आत्मज्ञान झालं होतं का, हा तिसरा प्रश्न आहे, तो आत्ता बाजूला ठेवा. इथे दोन गोष्टी दिसतात. एक, 'बुद्धीने तिथे जाता येतं का' यावर परंपरेच्या आतच मतभेद आहे, त्यामुळे 'सगळे संत बुद्धीला नाकारतात' हे विधान चुकीचं आहे. दुसरं, या लोकांच्या बोलण्यातली बुद्धी आणि आपली गुणपत्रिका यांचा फारसा संबंध नाही. निसर्गदत्त येणाऱ्याला 'मी आहे' या जाणिवेवर लक्ष ठेवायला सांगत. त्याला पदवी लागत नाही. चिकाटीने स्वतःकडे बघणं लागतं, आणि ते आपल्यातल्या कित्येक हुशार माणसांना पाच मिनिटंसुद्धा जमत नाही. मी करून पाहिलंय, मलाही जमलं नाही.

तर्काने तर्काची हद्द आखणं

ज्ञानेश्वरांचं नाव घेतलं की आपल्याला १२९० सालची ज्ञानेश्वरी आठवते. पण या प्रश्नासाठी त्यांचा दुसरा ग्रंथ उघडा, अमृतानुभव. आठशेच्या आसपास ओव्यांचा, दहा प्रकरणांचा. त्यातल्या काही प्रकरणांची नावंच वाचा: शब्दखंडन, अज्ञानखंडन, ज्ञानखंडन.

अज्ञानाचं खंडन समजू शकतो. ज्ञानाचं खंडन कशासाठी? ढोबळमानाने युक्तिवाद असा आहे. आत्मा स्वतःच प्रकाशरूप असेल, तर तो शब्दाने किंवा ज्ञानाने 'कळतो' असं म्हणणंच बरोबर नाही. अज्ञान दूर करणारं ज्ञान अज्ञानाच्या सापेक्ष असतं. अज्ञानच टिकत नसेल तर त्याच्या जोडीचं ज्ञानही टिकत नाही. ही भूमिका पटो न पटो, ती मांडायची पद्धत बघा. दाखल्यामागून दाखला देत, समोरच्याची शंका आधीच घेऊन, ते पायरीपायरीने पुढे जातात. बुद्धी कुठे थांबते हे दाखवायला ते बुद्धीच वापरतात.

हे आपल्या ओळखीचं आहे. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा आपण प्रकाशाच्या भौतिकशास्त्रातूनच काढतो. दृश्य प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हा आकडा कुणी श्रद्धेने मानलेला नाही, तो गणिताने निघतो. 'माझं साधन इथपर्यंतच पोचतं, आणि का ते असं' हे सांगणं हेसुद्धा ज्ञानच आहे.

यंत्रांनी काय सांगितलं?

आता पहिला प्रश्न, बाहेरून काय कळतं? यातलं जगातलं सुरुवातीचं काम आपल्या लोणावळ्यात झालंय. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' नावाचं संशोधनपत्र काढलं. त्याआधीच बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करताना क्ष-किरणांनी निरीक्षणं केली होती. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्तीच्या वेळी पाणी आत ओढलं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं. या घटनेला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं.

एक दावा 'पलीकडचा' वाटत होता, तो दाबमापकाच्या टप्प्यात आला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. संस्थेचं नाव कैवल्यधाम असलं तरी त्या दाबमापकाने कैवल्य मोजलं नाही. मोजला तो दाब.

अलीकडचं गाजलेलं काम २००४ चं. अँटवान लुट्झ, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी आठ अनुभवी तिबेटी बौद्ध साधकांच्या मेंदूलहरी मोजल्या. प्रत्येकाची साधना १० हजार ते ५० हजार तासांच्या घरातली. तुलनेला आठवडाभर सराव केलेले विद्यार्थी होते. साधकांमध्ये गॅमा पट्ट्यातल्या लहरी कितीतरी जास्त ताकदीच्या आणि एकमेकींशी जुळलेल्या आढळल्या. ध्यान सुरू होण्याआधीच्या शांत अवस्थेतही फरक दिसत होता.

वर्तमानपत्री मथळा काय होईल? 'विज्ञानाने ध्यान सिद्ध केलं!' तुम्ही संशोधक होणार आहात, तुम्ही काय विचाराल? माणसं फक्त आठ. फरक साधनेमुळे पडला, की मुळात तशा मेंदूची माणसंच इतकी वर्षं साधनेत टिकतात? वय, आहार, जगण्याची पद्धत वेगळी, त्याचं काय? डोक्याच्या स्नायूंचे विद्युतसंकेतही याच पट्ट्यात मिसळतात, ते कसे वेगळे काढले? आणि सगळं निस्तरलं तरी हाती येतं ते 'या अवस्थेत मेंदूत असं घडतं' एवढंच. त्यावरून ती अवस्था भ्रम ठरत नाही आणि सत्यही ठरत नाही. मी समोरचं झाड बघते तेव्हाही मेंदूत काहीतरी घडतंच. त्यामुळे झाड खोटं होत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बुद्धी बरंच सांगू शकते, पण आपण नक्की काय मोजलं हे विसरायचं नाही.

तिसरा प्रश्न, आणि एक पहाट

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये धार्मिक अनुभवांवर मोठा ग्रंथ लिहिला. गूढ अनुभवाच्या त्याने चार खुणा सांगितल्या: तो शब्दांत सांगता येत नाही, तरीही आपल्याला काहीतरी कळलं असं वाटतं, तो फार वेळ टिकत नाही, आणि तो आपण केला नसून आपल्यावर झाला असं वाटतं. जेम्सचा निष्कर्ष मला फार समतोल वाटतो. ज्याला अनुभव आला त्याच्यासाठी तो प्रमाण असू शकतो, पण इतरांनी तो डोळे मिटून मानावा असा हक्क त्यातून मिळत नाही. रानडेसुद्धा अनुभव तपासताना विचारतात की तो वेगवेगळ्या काळांतल्या माणसांच्या सांगण्याशी जुळतो का, आणि त्याने माणसाचं आचरण सुधारतं का.

हे सगळं मी वाचलं होतं. कळलं मात्र जामसरला.

पहिला पाऊस झाल्यावरची गोष्ट. शेजारच्या घरातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. जमिनीवरच झोपला होता. सूज नाही, खूण धड दिसत नाही, पण डोळ्यांच्या पापण्या जड होऊन खाली येत होत्या. त्याची आई त्याला उचलून थेट बाबांकडे घेऊन आली. गावात कुणाला काही झालं की पहिली धाव तिथेच असते.

माझ्या पोटात गोळा आला. आता मंत्र सुरू होणार, वेळ जाणार, आणि मी कोण बोलणारी? बाबांनी मुलाचे डोळे बघितले, अंगारा लावला, आणि आपल्या मुलाला म्हणाले, "जीप काढ." मुलगा आधी जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून जव्हारला गेला. डॉक्टरांचा अंदाज मण्यारीचा होता. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं, त्यामुळे तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. प्रतिविष मिळालं, श्वासाला आधार मिळाला, आणि काही दिवसांनी पोरगं घरी आलं.

नंतर मी बाबांना विचारलं, "अंगारा का लावलात मग?"

"आय घाबरली होती त्याची," ते म्हणाले. "इख काय अंगाऱ्यानं उतरतं व्हय?"

तीन महिने मी त्यांच्याबद्दल एक गृहीतक बांधून बसले होते आणि ते तपासलंच नव्हतं. मला वाटायचं, जो माणूस 'तुला कळायचं नाही' म्हणतो तो कुठलाच प्रश्न बुद्धीपुढे ठेवणार नाही. त्यांच्या डोक्यात मात्र दोन खाने स्वच्छ वेगळे होते. वारं आल्यावर त्यांना काय वाटतं, हा त्यांचा अनुभव. त्याबद्दल माझ्या वहीला मर्यादा आहे. मुलाच्या रक्तातलं विष हे सगळ्यांच्या जगातलं. तिथे प्रतिविष चालतं, आणि ते चालतं की नाही हे तपासता येतं.

सगळीकडे असं घडत नाही, म्हणून हा फरक नीट समजून घ्या. अनेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असं नाही. म्हणजे काहीही उपचार न करता बरीच माणसं वाचणारच असतात. ती वाचली की श्रेय मंत्राला जातं, आणि गेलेल्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. तुलनेचा गट नसला की असं होतं. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. तो कायदा कुणाच्या आतल्या अनुभवाची झडती घेत नाही. त्या अनुभवाच्या नावावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायला बंदी करतो.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कुणाला आत्मज्ञान झालं की नाही, हे मी माझ्या साधनांनी ठरवू शकत नाही. पण त्या ज्ञानाच्या जोरावर कुणी जगाबद्दल दावा केला, की मी रोग बरा करतो, भविष्य सांगतो, माझं वागणं तपासू नका, तर तो दावा आपल्या टेबलावर आला. तिथे 'बुद्धीला कळणार नाही' ही पळवाट चालत नाही.

तुमच्या वहीसाठी

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा एवढं करून बघा. आपला प्रश्न एका कागदावर लिहा आणि त्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा: समजणं, परिणाम होणं, सुधारणं, जे असेल ते. त्या एका क्रियापदात किती वेगवेगळे प्रश्न लपलेत ते मोजा. प्रत्येकासमोर लिहा, माझं साधन नक्की काय मोजतं? शेवटी एक ओळ, माझं साधन काय मोजत नाही? ही ओळ लिहायला लाज वाटते, मार्गदर्शकांसमोर कमीपणा वाटतो. पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तिथेच विचारतात. तो आपणच आधी विचारलेला बरा.

माझ्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात आता एक परिच्छेद वाढलाय. नागलीच्या वाणांची उंची, कणसांचा आकार, दाण्याचं वजन, सगळं मी मोजलंय. पण बियाण्याची कणसं निवडताना बाबांचा हात ज्या कणसावर थांबतो, तो तिथेच का थांबतो, याचं निम्मंच उत्तर माझ्या आकड्यांत सापडतं. उरलेलं निम्मं पुढच्या हंगामात शोधायचंय. या वेळी वही जरा उशिरा काढायची, आधी त्यांच्यासोबत कणसं खुडायला बसायचं, असं ठरवलंय.